आडवा चरा

दालकावेच्या बाजारात नोल्फा मान्सिया जुने कोट विकते,
अमेरिकेहून गासड्या येतात तिच्याकडे, वजनावर.
एका कोटाच्या आतल्या खिशात हा होता:
करडा, तळहाताएवढा, पाठीत खोचलेली एक काडी.
कोटाचे तीन हजार पेसो. याचे, जरा थांबून, पाचशे.
"चालतो का?"
"माझ्याकडे सेल नाहीत," नोल्फा म्हणाली.
हे उत्तर नव्हतं, पण तिची उत्तरं अशीच असतात.

दोन पेन्सिल सेल घातल्यावर उजाडला,
शेवाळी उजेड, आणि आत काही नाही.
ज्याचा होता त्याच्या ओळखीचं एक नाव नाही,
दातांच्या डॉक्टरची एक वेळ नाही.
सेल उतरले की हा सगळं विसरतो.
पाटी कोरी.

मी लोकर घेते. लिंदोर्फोच्या लाँचने बेटाबेटांवर जाते,
केवी, चेलिन, आपियाओ,
काट्याला पोतं अडकवते, आकडा वाचते, लिहिते.
तिथे फोन म्हणजे ओल्या खिशातला आरसा.
याला कुणाशी बोलायचंच नसतं.
पाण्याला मात्र भितो,
म्हणून पावाच्या पिशवीत ठेवते, पिशवीवरूनच लिहिते.

त्याची अक्षरं वेगळी. पंचावन्नाव्या वर्षी
पुन्हा धुळाक्षरं.
ए ला मधली दांडी नाही, नुसतं छप्पर.
टी ची एकच बाहू, दुसरी झडलेली.
के म्हणजे मासा, शेपटीसकट.
किलो लिहायचं तर प्रत्येक ओळीत एक मासा.
आता कागदावरही हात तसाच वळतो.
बँकेतल्या पोरीने फॉर्म उलटा धरून पाहिला, मग सुलटा.
"बाई, हे काय आहे?"
"माझं नाव," मी म्हटलं.

सेल बदलायला एक मिनिट मिळतं.
एकेक काढायचा, एकेक घालायचा.
फेब्रुवारीत चेलिनहून परतताना मी दोन्ही काढले,
का ते विचारू नका.
लाट आडवी आली, नवा सेल इंजिनाखाली गडगडला.
लिंदोर्फोने इंजिन बंद केलं. दोघं ओणवे, तेलात हात.
साठ मोजायचे होते.
मी दोनशेवर थांबले.

अकरा घरांचं देणं होतं त्यात.
अकरा दारांत जाऊन उभी राहिले:
"मी तुमचं किती लागते?"
बहुतेकांनी खरं सांगितलं, म्हणजे तसं वाटलं.
बार्रीया म्हणाला, चाळीस किलोंचे.
त्याच्या मेंढ्या सहा. सहांच्या अंगावर चाळीस किलो
देवाने ठरवलं तरी उगवत नाही.
चाळीसचे दिले.
एडुविना चिग्वाय म्हणाली, "काही नाही, मागेच दिलेस की."
दिले नव्हते. तिची काळी मेंढी मला आठवत होती.
पैसे घेऊन पुन्हा गेले तेव्हा तिने कुत्रा सोडला,
हसत हसत.

भाचा एर्विन म्हणतो, आत्या, फेक आता ते.
याचं कॅलेंडर दोन हजार एकतीसच्या डिसेंबरला संपतं,
पुढचं बटण दाबलं तरी तिथेच उभं राहतं,
धक्क्यावर येऊन थांबलेल्या बैलासारखं.
मी म्हटलं, तोवर माझे गुडघे टिकले तर बोलू.

एक सांगायचं राहिलं.
जिथे अक्षरं काढायची, त्या काचेवर एक चरा आहे.
आडवा. नखाला लागतो.
माझा नाही, माझा हात हलका.
त्या कोटवाल्याचा.
काडी डावीकडून उजवीकडे ओढली
तर दोन शब्दांमध्ये मोकळी जागा पडते.
उजवीकडून डावीकडे ओढली, तर लिहिलेलं खोडलं जातं.
चऱ्यावरून दिशा कळत नाही.
दिव्याखाली तिरपा धरून पाहिला, दोन्ही टोकं सारखीच झिजलेली.

आज त्यात लिहिलं: बार्रीया, चाळीस, दिले.
मग काडी चऱ्यात टेकवली,
आणि बराच वेळ कुठल्याच बाजूला ओढली नाही.