रजेचं कारण

डिसेंबर लागला की साहेब म्हणायचे, यादी आणा.
सुट्ट्या आठ. चार कायद्याने आधीच ठरलेल्या,
उरलेल्या चार वाटायच्या
एकशे बासष्ट माणसांत.

मी जांभळीनाक्यावरून पंचांग आणायचो,
टाइम ऑफिसच्या टेबलावर उघडायचो,
आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत शॉपभर झालेलं असायचं
की ओगले सण वाटायला बसलाय.

चेंदणीचा पांडू नाखवा पहिला.
नारळी पौर्णिमा घाल, नायतर मी खाडा करतोच.
पाटणकडच्या चौघांना गावची जत्रा हवी,
ती कुठल्याच पंचांगात नव्हती.
इक्बाल मुकादम दारातूनच सांगायचा,
ईद पेन्सिलीने लिहा.

वर्षाला दहा-अकरा दिवस अलीकडे.
माझ्या याद्यांमधून त्याची ईद
पावसातून उन्हाळ्यात गेली, उन्हाळ्यातून थंडीत,
दोन-तीन वर्षं दिवाळीला खेटून बसली,
पुन्हा निघाली.
कामाला लागला तेव्हा श्रावणात होती,
रिटायर झाला तेव्हाही श्रावणात.
तेहतीस वर्षं.
शिरखुर्म्याचा डबा माझ्यासमोर ठेवून म्हणाला,
आता पेनाने लिहिलीत तरी चालेल.

लेथवरचा हानोख झिराडकर
यादीसाठी कधी आला नाही.
एकट्या माणसाचा सण, किती मतं पडणार.
वर्षातून एकदा अर्ज:
किरकोळ रजा, दिवस एक, कारण घरगुती.

एकदा विचारलंच, दर वर्षी घरी असतं काय रे?
म्हणाला, दरफाळणीचा सण.
दार लावून घ्यायचं. पांढरे कपडे. पाणीसुद्धा नाही.
दिवसभर टेंभीनाक्याच्या सिनेगॉगमध्ये
वर्षाचं जे काय असेल ते कबूल करायचं.
आणि तारीख?
चंद्रावरच. आमच्यातही धोंड्याचा महिना येतो, ओगले,
फक्त जावयाला अनारसे नाहीत.

मग मी त्याच्यासाठी बोटं मोजायला लागलो.
त्याची दशमी, आपली दशमी.
कितीतरी वर्षी दसराच निघायचा.
तेव्हा खंडेनवमीला लेथला झेंडू तोच बांधायचा,
पेढा कागदात गुंडाळून खिशात,
आणि दिवस मावळायच्या आत घाईघाईने घरी.
त्या वर्षी त्याची एक रजा वाचायची.

शेवटच्या वर्षी त्याची दशमी भाद्रपदात आली.
कॅन्टीनमध्ये दहा दिवसांचा गणपती.
पहिल्या पाळीला आलो तर गेटला साखळी,
साखळीला नोटीस,
आणि आत एक वॉचमन, जो आमचा नव्हता.
पांडू म्हणाला, आरतीपुरतं तरी उघड.
पोरगं बिचारं फोन लावत राहिलं,
पलीकडून कुणी उचलला नाही.
मग आम्ही बाहेरूनच म्हटली,
सळ्या धरून, कॅन्टीनच्या दिशेने.
टाळ आत राहिलेले,
कुणीतरी डब्याच्या झाकणावर ठेका धरला.
मध्येच कडवं चुकलं, कुणी सुधारलं नाही.

हानोख दुसऱ्या दिवशी आला.
गाल बसलेले, दाढी केलेली, हातात डबा.
नोटीस दोनदा वाचली.
म्हणाला, एक दिवस आलो नाही तर...
आणि साखळीचं कुलूप
उलटसुलट करून बघत राहिला,
मापात कुठे चूक आहे का, तसं.

हजेरीपट माझ्या पिशवीत होता,
बेरीज करायला घरी नेलेला, म्हणून वाचला.
त्या तारखेखाली सगळे चौकोन कोरे.
माणसं आली होती,
पण कुठे आली म्हणून लिहू?
एकाच चौकोनात माझ्या अक्षरात ‘र’.
मंजूर. पगारी.

चार वर्षांनी लेबर कोर्टात तो पट निघाला.
कंपनीच्या वकिलाने नेमकं तिथेच बोट ठेवलं.
हा एकटाच रजेवर कसा? याला आधीच ठाऊक होतं?
मी म्हटलं, हो, वर्षभर आधी,
तारीख मीच काढून दिली होती.
कारण काय?
समोरच्या बाकावर हानोख बसला होता,
त्याच्याकडे बघितलं.

घरगुती, मी म्हणालो.