पहारेकरी क्रमांक दोन

शार्दूलला शाळेच्या नाटकात काम मिळालं:
पहारेकरी क्रमांक दोन. संवाद नाहीत.
राजा मरेपर्यंत डाव्या दाराशी उभं राहायचं.
तलवार ज्याची त्याने घरून आणायची.

पातं सोपं होतं. पलंगाची मोडकी पट्टी,
रंधा नाही म्हणून सँडपेपर, वर चंदेरी रंग.
मुठीला सोनेरी कागद चिकटव, बायको म्हणाली,
तिसऱ्या रांगेपलीकडे काय दिसतंय कुणाला.
बरोबरच होतं तिचं.
पण रविवारच्या जुन्या बाजारात
दाराच्या तळाशी ठोकतात तो पितळी पत्रा दिसला,
तीन पौंडांना, लाथांच्या खुणांसकट,
आणि मी बिघडलो.

माझे हात गोळ्या मोजणारे.
अठ्ठावीस, छप्पन्न, पिशवी, पुढचा.
त्यांनी कधी काही वाकवलं नव्हतं.

शेफील्डमध्ये वॉकलीच्या चढावरचं घर.
शेगडीशेजारी पोळपाट, पोळपाटाला क्लॅम्प,
करवतीला केसाएवढं पातं.
पहिल्या पानाला चार पाती तुटली,
दुसऱ्याला तीन.
पात्याला मेणबत्ती चोळून घ्यायची असते
हे सहाव्या पानाला कळलं.
काढायला गेलो पिंपळाचं पान,
शेपूट मोडलं, कडा खाल्ली गेली,
आणि मागच्या भिंतीवरच्या आयव्हीचं झालं.
असू दे म्हटलं. इथलंच आहे.

शिरा उठवायला बोथट केलेला खिळा,
खाली पोराचा जुना मोजा, वाळू भरलेला.
पुडिंगवर साखर जाळायची इवलीशी ज्योत
पत्र्यावर धरली. तांबूस होताच पाण्यात.
पोलाद असं केलं की कडक होतं,
पितळ मऊ पडतं.
त्यावरून एकदोन नातेवाईक आठवले.

ठोक्यांची तक्रार करायला
शेजारच्या डोरीन गारसाइड आल्या, वय ब्याऐंशी,
आणि बसल्या.
पंधराव्या वर्षी चाकापुढे उभ्या राहिलेल्या,
अंगाला तपकिरी कागद, डोक्याला लाल फडकं,
दिवसाला किती डझन चमचे उजळायचे ते त्यांनी सांगितलं,
मी विसरलो.
"कानस जाताना कापते, लव्ह. येताना उचल.
भांडी घासतोयस का?"
हातातून काढून घेतली.
मग पाऊण तास
कानशीखेरीज कुणी बोललं नाही.

पानांना डाग द्यायचा राहिला होता.
डाग म्हणजे जोड, मी त्यांना सांगितलं,
आणि आमच्यात कपड्यावर पडतो तोही डाग,
गळ्यात घालतात तोही.
तिन्हीला एकच शब्द?
एकच.
वितळलेलं कथील पानावरून ओघळून
देठाशी गोळा झालं होतं.
तिथे अंगठा ठेवून त्या म्हणाल्या,
"मग हा त्यातला कुठला?"

प्रयोगात राजा घाईने मेला.
शार्दूल डाव्या दाराशी, ताठ,
कोट मोठा, मूठ पूर्ण झाकलेली.
एवढ्या रात्रींची पानं त्या लोकरीखाली
अंधारात बसून होती.
प्रेत उचलताना त्याला बाजूला व्हावं लागलं,
कोट सरकला, दिवा लागला मुठीला,
क्षणभर, आणि नेमका मागच्या अंगाला.
डोरीनबाईंना ऐकू कमी येतं,
म्हणून त्या अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं
माझ्या कानात म्हणाल्या:
"पाठ घासायची राहिली."

घरी येताना चढावर तो तलवार ओढत होता.
जड होती, बाबा, म्हणाला. कंबर दुखली.
पुढच्या वेळी मी झाड होणार.
झाडालाही संवाद नसतात, पण तलवार नसते.
मिस म्हणाल्या, हिरवा स्वेटर चालेल.

मी काही बोललो नाही.
बिस्किटांच्या डब्यात फसलेली पानं आहेत.
सतरा.