एकशे एकसष्ट पायऱ्या

वाल्पाराईसोत सपाट असं फक्त समुद्राचं पाणी,
आणि तेही क्वचित.
बाकी सगळं शहर उभं.
आमच्या टेकडीवर एक लाकडी पाळणा चढतो,
रुळांवरून तिरका, कुरकुरत, एका नाण्यात.
म्हणून सव्वीस वर्षांत मी
त्याच्या शेजारचा जिना कधी मोजला नव्हता.

बूट मात्र होते.
जांभळे, पळायचे. डॉक्टरीणबाईंनी
माझ्या रक्तातली साखर वाचून दाखवली
त्याच आठवड्यात घेतलेले.
आठ महिन्यांत त्यांनी एक पाऊल टाकलं नाही.
त्यांच्या खोक्यात विजेची बिलं राहायला आली.

सोमवारपासून, म्हणायचे मी.
सोमवार यायचा, आणि त्याच्या मागोमाग
मासळीबाजाराचे हिशेब, मेर्लुसाच्या पेट्या,
सासूबाईंची कूस बदलायची वेळ,
मुलाच्या शाळेतून फोन.
स्वतःसाठी अर्धा तास काढायचा,
तर तो कुणाच्या ताटातून काढायचा?

मग एका मंगळवारी
पाळण्याची तार तुटता तुटता राहिली.
नोल्बेर्तोनं फाटकाला साखळी घातली,
पुठ्ठ्यावर लिहिलं: बंद.
कधीपर्यंत, ते लिहिलं नाही.

पहिल्या संध्याकाळी बेचाळिसाव्या पायरीवर
छाती पिशवीतल्या कांद्यांपेक्षा जड झाली.
कठड्यावरची मांजर माझ्याकडे पाहत होती,
उशिरा येणाऱ्या बसकडे पाहावं तशी.
मी शिव्या दिल्या. नगरपालिकेला, तारेला,
आणि माझ्या मांड्यांना,
ज्या आजवर खुर्चीलाच मत देत आल्या.

चौऱ्याण्णवाव्या पायरीशी सिमेंटचा एक ओटा आहे.
तिथे उबेर्लिंदाबाई टेकल्या होत्या,
वय एकोणऐंशी, हातात पावाची पिशवी.
"बस गं," म्हणाल्या, "जिना कुठे पळून जातोय?"
आम्ही दोघी बसलो
एकमेकींची धाप ऐकत.
त्यांची आधी थांबली.

खोटं कशाला सांगू, ते मला लागलं.
आरोग्य नाही, आयुष्य नाही,
लाल पेनानं वेढलेला डॉक्टरीणबाईंचा आकडा नाही.
एकोणऐंशीच्या बाईची धाप
माझ्याआधी बसली, एवढंच.

चौथ्या दिवशी बिलं टेबलावर ओतली, बूट काढले.
सातव्या दिवशी ओट्यापर्यंत न थांबता गेले
आणि सांगायला कुणी नाही म्हणून
मांजरीला सांगितलं.
नवव्या दिवशी धुकं, गुडघा, वैताग.
दर पंधरा पायऱ्यांना उभी राहिले.
ओट्यावर उबेर्लिंदाबाई नव्हत्या,
त्यांची वर्तमानपत्राची घडी होती, ओलसर.

तेविसाव्या दिवशी पाळणा सुरू झाला.
नवी तार, पिवळा रंग,
नोल्बेर्तोचा इस्त्रीचा शर्ट.
मी नाणं टाकलं. का नाही टाकणार?
दिवसभर उभी होते.
काचेबाहेरून जिना खाली खाली गेला:
निळी फरशी बसवलेली पायरी,
कोपरा उडालेली,
आणि "पाओला, परत ये" लिहिलेली.
सगळ्या ओळखीच्या,
आणि मी आत, मान ताठ,
नवी गाडी आली की शेजारणींना
ओळख न देणाऱ्या बाईसारखी.
ओट्यावरून उबेर्लिंदाबाईंनी वर पाहिलं.
हात हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी मुठीत नाणं तापेपर्यंत
मी फाटकाशी घुटमळले.
"चढतेस ना?" नोल्बेर्तोनं विचारलं.
"चढते," म्हणाले,
आणि जिन्याकडे वळले.

शुक्रवारी मात्र पाळणाच.
शुक्रवारी पेट्या दुप्पट असतात.
अर्धा तास मला अजून सापडलेला नाही.
पंधरा मिनिटं सापडलीत,
घराच्या वाटेवरच पडलेली.

काल ओट्याशी आमच्या दोघींची धाप
एकदमच थांबली.
कुणीच ते बोलून दाखवलं नाही.
पावाचा एक तुकडा त्यांनी मोडून दिला,
मी खाल्ला,
उरलेल्या सदुसष्ट पायऱ्यांकडे पाहत.

विजेची बिलं अजून टेबलावरच आहेत.