ओळंबा

जनकोरचा उजवा हात प्लास्टरमध्ये,
मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा,
मी घोटून दिलेल्या नव्या गिलाव्यासारखा.
टाकीपाशी शेवाळावर घसरली.
डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे.
गॅस आहे घरात, पण तो चहाला, पाहुण्याला;
कळण्याच्या भाकरीला तो चालत नाही
हे तिचं मत,
आणि इतक्या वर्षांनी माझ्या जिभेचंही.

म्हणून मी, चाळीस वर्षं गवंडी,
अमळनेर ते पारोळा
निम्म्या भिंती ज्याच्या ओळंब्यात उभ्या,
पहिल्यांदा चुलीसमोर उकिडवा बसलो.
गुडघे दोन वेगळ्या सुरांत कुरकुरले.

पाटावरून ती हुकूम सोडते:
आधी राख काढा. सगळी नको, बोटभर राहू द्या.
उपरणं काढा, ते लोंबतंय.
बादली डाव्या हाताला.
तुराट्या आधी, मग पऱ्हाट्या,
बाभूळ सगळ्यात शेवटी.

मी रचतो तसं रचलं.
सांधे मोडून, फट न ठेवता,
थरावर थर. देखणं काम.
काडी ओढली.
धूर.

"भिंत शे का ती?" ती म्हणाली.
"आग बी सास लेस. तिले जागा द्या."

मी कोनाड्यातली रॉकेलची बाटली उचलली.
तिनं नुसतं पाहिलं. परत ठेवली.
शेजारच्या सुपडूची डावी भुवई
पोळ्यापासून अजून नीट उगवलेली नाही.

दोन लाकडं उपसली.
मधे मूठभर पोकळी झाली, खालून वारा शिरला
आणि जाळ आपसूक उभा राहिला,
ओळंब्यात.

पण बाभूळ ओली होती.
मीच आणली, स्वस्तात, आठवड्यापूर्वी तोडलेली.
फोडून उन्हात टाका, दोन महिने हात लावू नका,
असं ती म्हणाली होती. मी हो म्हटलं होतं.
आता टोकांतून पाणी फेसाळत होतं,
पांढरा जाड धूर आढ्याला टेकला,
खाली आला, पूर्वेच्या भिंतीशी गेला,
चाचपडला,
तिथंच घोटाळत राहिला.

तिथं खिडकी होती.

मीच बुजवली, पंधरा वर्षांमागे,
थोरल्याच्या लग्नात,
धान्याची कोठी टेकवायला भिंत हवी म्हणून.
दीड दिवसाचं काम.
गिलावा इतका साफ की सांधा बोटाला लागत नाही.
येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो.
ती काही बोलली नव्हती. की बोलली होती?
मला आठवतो तो फक्त सिमेंटचा हिशोब.

डोळे चोळत ओसरीवर आलो, खोकलो,
नेमका तसा, जसा ती पहाटे खोकते
आणि मी कूस बदलतो.
आतून आवाज आला:
"आज दिखना का धूर तुमले?"

भाकरी झाली. एका अंगानं काळी, मधे कच्ची.
तिनं ती डाव्या हातानं मोडून खाल्ली, मीठ मागितलं.
उकळी आली की लाकूड मागे ओढा, म्हणाली.
डाळ वैलावर सरकवा, वर झाकण,
निखाऱ्याला काम द्या, त्याला रिकामं ठेवू नका.
आणि निजण्याआधी प्रत्येक कोलीत
पाणी शिंपडून, उलटून, पुन्हा शिंपडून.
मी दोनदा उठून पाहिलं त्या रात्री.
ती जागीच होती. रोज असायची का, विचारलं नाही.

सकाळी छिन्नी-हातोडा काढला.
कोठी सरकवायला सुपडू आला,
चुलीपासून लांबच उभा राहिला.
माझा गिलावा मजबूत निघाला,
पहिल्यांदाच त्याचा राग आला.
आत जुनी चौकट, सागाची,
वरच्या पट्टीवर काजळी अजून धरून.
सहावी वीट निघाली तेव्हा
उजेड थेट तव्यावर पडला.

जनकोर बघत होती.
"वर बी एक करा," म्हणाली, "धूर वर जास."

मी म्हटलं, अगं, चौकट तर इथं आहे.

"मंग दोन करा."

कानामागची पेन्सिल काढली,
आढ्याखाली, तिनं प्लास्टरच्या हातानं दाखवलं तिथं,
खूण केली.
"जरा डावीकडे," ती म्हणाली.