तुटका ळ

एक.
मंगलाष्टकं. गुलाबी पातळ कागद, चार घड्या.
साखर पेठेत, पत्र्याच्या पेटीच्या तळाशी अंथरलेला;
वरच्या लुगड्याचा हिरवा रंग कडेला उतरलेला.
कवी: छापलेला नाही.

सत्तावीस.
मानपत्र, ओव्यांत. जॉबर सायबण्णा यांस, निवृत्तीच्या दिवशी.
जाड कागद, चौकटीला वेल.
सुनेनं काचेसकट हातात दिलं,
मग हाक मारून फ्रेम परत घेतली.
कवी: छापलेला नाही.

अठ्ठेचाळीस.
संपातली कविता. अर्धीच.
पाठीमागे बिडीच्या लेबलाचा फसलेला छाप.
उरलेल्या अर्ध्यात शेंगाचटणी बांधून
कुणीतरी गाडीत बसलं असणार;
तेल इथवर आलंय.

एकतीस वर्षं मी चादरी तपासल्या.
काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, वरून सरकणारं कापड.
तुटका ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा ठिपका.
खडूनं गोल करायचा, पुढची ओढायची.
गोल केलेली चादर सेकंडमध्ये, कमी भावात.
धड चादर मला एकही आठवत नाही.

मिल थांबली. डोळे थांबेनात.
म्हणून हे कागद.
लोक म्हणतात, लग्न लागलं, अक्षता झाडून टाकल्या,
आता या कागदाचं काय करता हो बाई?
मी म्हणते, लांबी मोजते. रुंदी मोजते.
शाई निळी की काळी ते लिहिते.
यापुढचं उत्तर मलाही येत नव्हतं.

साठाव्या कागदावर, दहाव्याच्या शोकपत्रात, तो दिसला.
ळ.
उजवी पाकळी चेपलेली,
कोंबडीनं चोच मारावी तशी.
पानभर बाकीचे ळ नीट. हा एकच.
मागचे कागद काढले, भिंग लावलं.
गुलाबी मंगलाष्टकांत, 'बाळपणीच्या'मधला.
मानपत्रात, 'वेळेवर'मधला.
संपात, 'सगळे'मधला.
एकच खिळा, लग्नाला, तेराव्याला, मोर्चाला,
लंगडत का होईना, रोज कामावर जात होता.

तीन प्रेसवाल्यांना विचारत विचारत
कन्ना चौकामागच्या बोळात पोचले.
राजमल्लू चिलवेरी, जुळारी, वय विचारू नका म्हणाले.
ट्रेडल भंगारात गेलेलं.
खिळ्यांच्या कप्प्यांत आता नातीच्या बांगड्या, रंगवार.
कागद त्यांनी जवळ धरला, लांब धरला, खाली ठेवला.
"सरळ नाही येत मला. उलटं दावा."
मी खिडकीत उभी राहिले, कागद उजेडाला लावून,
छापील बाजू माझ्याकडे.
"डोकं खाली करा त्याचं."
केलं.
आणि ते वाचू लागले, न अडखळता,
ओठ तेलुगूचे, शब्द मराठीचे,
उन्हातून आरपार आलेले, उफराटे.

कवी कोण, मी विचारलं.
"गिऱ्हाईक अर्धं लिहून आणी. आठ ओळींचे पैसे दिलेले,
आणलेल्या पाचच. कागद रिकामा कसा सोडायचा?"
मग कुठल्या तीन तुमच्या?
हसले. "जागा भरली. झालं."
आणि हा खिळा का नाही टाकला?
"ळ आमच्याकडे कमी. नवे पुण्याहून यायचे.
आणि तुमच्या मराठीला लागतो किती!
ओळ म्हणा, वेळ म्हणा,
खिळा म्हणा की."

घरी येऊन वहीत उभी रेघ मारली.
नवा रकाना: जुळारी.
पेन्सिलीनं, हलक्या हातानं, प्रत्येक ळभोवती गोल.
आधी 'दोष' या रकान्यात लिहिलं. खोडलं.
मग 'खूण' असं लिहिलं आणि तसंच ठेवलं.
एकोणीस कागदांवर त्यांचं नाव चढलं,
त्यातल्या तीन-तीन ओळी कुठल्या, ते मोकळं.

ब्याऐंशी.
मंगलाष्टकं, पिवळा कागद. वधूचं नाव लक्ष्मीबाई, वाळवीनं वराचं खाल्लेलं.
शेवटचं कडवं असं की
मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं, घरात कुणी नसताना.
भिंग फिरवलं.
सगळे ळ धड.
कुणाचं, कळायला मार्ग नाही.