धुऱ्यावर सलामी नसते

अकरा वर्षं काठी फिरवली मी
झिंगुजी उस्तादांच्या आखाड्यात,
गावाच्या नदीकडच्या अंगाला,
जिथली माती चाळून, तेल-हळद घालून
ते लोण्यासारखी करून ठेवत.
एकरुखी, दोरुखी, चौरुखी.
शारदेच्या मिरवणुकीत
दोन्ही टोकांना पेटलेली बनाटी घेऊन मी पुढं असायची
आणि बँडवाले वाजवायचं विसरायचे.
परतवाड्याला कप मिळाला एकदा.
आई त्यात सुया-दोरे ठेवते.

मग फाल्गुनात
प्रल्हाद गावंड्यानं धुऱ्यावरचा दगड
दोन हात आमच्याकडं सरकवला.

काठी घेऊन गेले.
खोटं कशाला बोलू, थोडी हौसही होती.
बोंडं वेचून झालेली, पऱ्हाटी कमरेच्या वर उभी,
त्याची गाडी तिथंच, जळतन भरायला आणलेली.
मी पवित्रा घेतला.
डावा पाय पुढं, नजर त्याच्या छातीवर.
सवयीनं हात कपाळाकडं नेला, सलामीला,
तेवढ्यात त्यानं ढेकूळ मारलं
तोंडावर.

चौरुखीला चहूबाजूंनी मोकळी जागा लागते
हे अकरा वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं,
जागा नेहमी झाडलेली असायची.
काठी पऱ्हाटीत अडकली.
त्यानं वेणी धरली.
आखाड्यात आम्ही अंबाडे बांधायचो, घट्ट, काटे खोचून;
वेणी म्हणजे कासरा असतो
हे माझ्या कुठल्याच जोडीदाराला सुचलं नव्हतं.
त्याच्या तोंडाला लसणाचा वास.
माझा श्वास कुठं गेला कुणास ठाऊक.
सगळं मिळून किती वेळ?
मोटर लावली असती तर
एक बादली भरली नसती.

त्यानं गाडीची उभारी उपसली
आणि मी पडले.
पडायचं असं ठरवलं नव्हतं.
हनुवटी छातीला लागली, खांदा आधी, मग पाठ,
मग मी दोन तासांपलीकडं होते
आणि उभारी रुतली
माझं डोकं होतं तिथं.

पहिल्या वर्षी, काठी हातात देण्याआधी,
उस्तादांनी चार महिने
नुसतं पडायला लावलं होतं.
कंटाळून रडायचो आम्ही.

मग मी त्याच्या मनगटाला चावले.
ओरडत त्याची बायको आली, म्हणून सुटलं.
दगड अजून तिथंच आहे.
तलाठी येणार आहे म्हणतात.

ओठाला तीन टाके घेऊन उस्तादांकडं गेले.
खाटेवर, पाय सुजलेले, तंबाखू मळत होते.
विचारलं, अकरा वर्षं काय शिकवलं तुम्ही मले?
"नाचणं," म्हणाले. "अन् पडणं.
नाचणं लोकायसाठी होतं."
बराच वेळ मळतच राहिले.
"चावली म्हंते?"
हो.
"बरं केलं."
मग चिमूट ओठाखाली ठेवून, भिंतीकडं बघत,
"मी पयालो होतो वं. आसेगावच्या बाजारात,
बहात्तर साली. काठी तिथंच टाकून.
आजलोक कोनाले सांगतलं नाही."

गुरुवारी सकाळी शाळेच्या मैदानावर
आता मी पोरींना शिकवते.
हेडमास्तरांना सव्वीस जानेवारीला काहीतरी दिसायला हवं,
म्हणून दोरुखी घेते त्यांच्याकडून.
दिसायला छान दिसते, अजूनही.
परवा सलामी चालू असताना
मी मागून गेले
आणि सगळ्यांत चपळ पोरीची, तनुजा वानखडेची,
वेणी धरून मागं ओढली.

काठी गळाली तिच्या हातातून.
डोळ्यांत पाणी, राग, सगळं एकदम.
"थांबा ना ताई," म्हणाली,
"मी तयार नवती."

मी सोडली नाही.