आयता

वहीच्या शेवटच्या पानावर दोन आकडे होते.
सुटे भाग आणून जोडला तर अडतीस हजार पाचशे,
आयता घेतला तर बेचाळीस.
मधले साडेतीन हजार म्हणजे
रात्रपाळीच्या दुकानात अडीच रात्री,
चहात उकडलेल्या अंड्यांच्या वाफेत उभं राहून.

ताओयुआनमध्ये जुलैत पंख्यालाही घाम येतो.
मी फरशीवर बसून ग्राफिक्स कार्डं ताडून बघत होतो,
आई शेंगा सोलत होती.
म्हणाली, घर पाहावं बांधून, असं म्हणतात,
पण बांधून झाल्यावर म्हणतात.
आधी कोणी म्हणत नाही.

सव्वीस वर्षं ती मदरबोर्डच्या कारखान्यात होती.
लाइन सात, टेबल अकरा.
बोर्ड समोर आला की भिंगाखाली धरायचा,
डाव्या कोपऱ्यातले बारा सांधे बघायचे,
पुढे सरकवायचा.
नऊ सेकंद.
पुढे त्याचं काय होतं
ते तिला कोणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.
आमच्या घरात कॉम्प्युटर नव्हता.

मामा म्हणाला, बिघडला तर सात दुकानांच्या
सात पावत्या घेऊन हिंडशील का?
वेई-त्सुन म्हणाला, आयता घेणं म्हणजे
दुसऱ्याने चावलेला घास.
मला दोघांचंही पटलं, हीच अडचण.
तीन आठवडे मी
रात्री झोपताना जोडायचो,
सकाळी उठून विकत घ्यायचो.

शेवटी आईच म्हणाली, चल, बघून तरी येऊ.

तायपेईच्या त्या बाजारात, चौथ्या मजल्यावर
काचेच्या कुशीची खोकी, आत सात रंगांचे पंखे
जत्रेतल्या पाळण्यासारखे.
आई म्हणाली, झाकण काढा.
दुकानदार त्सेंग म्हणाला, ताई, सील आहे, गॅरंटी जाईल.
मग दुकानातला मांडलेला काढा, मी हात लावत नाही.
तिने चष्मा पुसला, वाकली,
आणि नऊ सेकंदांपेक्षा कितीतरी जास्त वेळ
तशीच राहिली.

आमच्याकडचा नाही, म्हणाली.
दुसऱ्याच्या मुलाबद्दल बोलावं तशी.
पण ती वरची वायर पूर्ण बसलेली नाही.
टक् झालेलं नाही.
त्सेंगने अंगठ्याने दाबली.
टक्.
तिघांनीही ऐकलं.
त्याच्या कानाची पाळी लाल झाली.

मला वाटलं, झालं, आता जोडायचाच.
आई म्हणाली, हाच द्या. आठशे कमी करा.
जिन्यात मी चिडलो. ती म्हणाली,
ज्याची चूक सापडली तोच घ्यावा.
बाकीच्यांची अजून सापडायची आहे.

मग ट्रेन, मग स्कूटर,
खोकं माझ्या गुडघ्यांत, आईची हनुवटी माझ्या खांद्यावर,
दर खड्ड्याला दोघांचा एकच श्वास.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाळीवरून आलो
तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र,
त्यावर सगळा कॉम्प्युटर सुटा करून मांडलेला,
माशाचे काटे काढून ओळीने ठेवावेत तसा.
आईच्या मनगटाला कारखान्यातला निळा पट्टा,
त्याचा चिमटा खिडकीच्या गजाला.

मी ओरडणार होतो.
ती म्हणाली, काही नाही,
पुढे काय होतं ते बघत होते.

मग आम्ही तो परत जोडला.
मी माहितीपुस्तिका वाचायचो, ती बोटांनी शोधायची,
आणि टक् ऐकू आल्याशिवाय
पुढचं पान उलटू द्यायची नाही.
दुपार झाली. शेंगा कोणी शिजवल्या नाहीत.
चालू झाला तेव्हा तिने वर
हिरवी खाऊची पुडी ठेवली,
कारखान्यात प्रत्येक यंत्रावर असते ती,
जिचं नावच आहे, शहाण्यासारखं वाग.

वेई-त्सुनने विचारलं, जोडलास की घेतलास?
मी म्हटलं, हो.

एक स्क्रू उरलाय.
कुठला, ते आईलाही सांगता येत नाही,
आणि हे तिला जरा लागलंय.
पुडीच्या शेजारी बशीत आहे.
मी खेळायला बसलो की
ती अधूनमधून येऊन तो बोटांत फिरवते
आणि पडद्याकडे न बघता
खोक्याला कान लावते.